जीवनसत्त्वे आणि सूक्ष्म खनिजे शरीरात कुठे साठतात, कशी पोहोचतात, कशी निघून जातात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्ततपासणीचा कागद हाती आला, की त्यातला एखादा आकडा ठळक छापलेला दिसतो आणि पाठोपाठ ‘आता कोणती गोळी घेऊ?’ हा प्रश्न येतो. सांगली, मिरज, तासगाव, कराड, वडूज या भागांतून विचारले जाणारे बहुतेक प्रश्न याच वळणाचे असतात. गोळीचे उत्तर शोधण्याआधी ते द्रव्य शरीरात कुठे साठते, साठा किती काळ पुरतो, रक्तातून त्याला कोण वाहून नेते आणि ते कोणत्या वाटेने बाहेर पडते, हे समजून घ्यावे लागते. प्रत्येक द्रव्याचा हा हिशेब वेगळा असतो, त्यामुळे एकाला लागू पडणारा सल्ला दुसऱ्याला लावला तर कधी उपयोग होत नाही आणि कधी अपायही होतो. पुढील उत्तरे माहितीसाठी आहेत. औषधाची मात्रा मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावी.

शरीरात जीवनसत्त्वांचा साठा नेमका कुठे असतो?

सर्वांत मोठे कोठार यकृताचे आहे. निरोगी प्रौढाच्या शरीरातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा बहुतेक साठा यकृतातील विशिष्ट पेशींमध्ये स्निग्ध थेंबांच्या रूपात राहतो आणि आहारातून काहीही मिळाले नाही तरी काही महिने पुरतो. बी-१२ आणि फॉलिक ॲसिड यांचा साधारण अर्धा किंवा त्याहून अधिक साठाही यकृतातच असतो. ‘ड’ आणि ‘ई’ ही जीवनसत्त्वे मुख्यतः शरीरातील चरबीत मुरतात. बी-६ स्नायूंमध्ये एका विकराला (एन्झाइमला) जोडलेले असते. ‘के’ जीवनसत्त्व ‘अ’ आणि ‘ड’प्रमाणे स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असले, तरी त्याचा साठा अगदी तुटपुंजा असतो आणि लवकर संपतो. नवजात बाळाकडे तर तो जवळजवळ नसतोच, म्हणून जन्मानंतर लगेच ‘के’चे इंजेक्शन देतात. ते टाळू नये, कारण त्याअभावी बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

साठ्यातून माल बाहेर काढायलाही यंत्रणा लागते. ‘अ’ जीवनसत्त्व यकृतातून निघते ते एका खास वाहक प्रथिनाच्या आधाराने, आणि हे प्रथिन तयार व्हायला पुरेशी प्रथिने आणि जस्त लागते. त्यामुळे कुपोषित मुलाच्या यकृतात थोडाफार साठा शिल्लक असूनही डोळ्यांपर्यंत तो पोहोचत नाही, असे घडू शकते. अंगणवाडीत नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत सहा-सहा महिन्यांच्या अंतराने ‘अ’चा डोस देण्याची पद्धत यकृताच्या या साठवणक्षमतेवरच आधारलेली आहे. सहा महिन्यांतून एकदा ‘क’ जीवनसत्त्व देण्याची योजना आखली, तर तिचा काहीही उपयोग होणार नाही.

पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे साठत नाहीत, हे खरे का?

हे विधान ढोबळ आहे. ‘क’ जीवनसत्त्वाचा साठा प्रौढ शरीरात साधारण १५०० मिलिग्रॅम असतो आणि पांढऱ्या पेशी, मेंदू व अधिवृक्क ग्रंथींमध्ये त्याचे प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी जास्त असते. आहारातून ते पूर्ण बंद झाले, तर हिरड्यांतून रक्त येणे, जखमा न भरणे अशी लक्षणे एक ते तीन महिन्यांत दिसू लागतात. फॉलिक ॲसिड तीन-चार महिने पुरते. बी-१, म्हणजे थायमिन, मात्र २५ ते ३० मिलिग्रॅमच असते आणि दोन-तीन आठवड्यांत आटते. सतत उलट्या होणारी गरोदर स्त्री, रोज मद्यपान करणारा माणूस, कित्येक दिवस उपाशी राहिलेला रुग्ण यांच्याबाबतीत डॉक्टर सर्वप्रथम थायमिनचा विचार करतात, तो यामुळेच.

या गटातला खरा अपवाद बी-१२ आहे.

बी-१२चा साठा वर्षानुवर्षे पुरतो म्हणतात, मग आमच्या घरात सर्वांचेच ते कमी का?

शरीरात एकूण २ ते ५ मिलिग्रॅम बी-१२ असते आणि रोजची गरज सुमारे २ ते २.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास, असते. शिवाय पित्तातून आतड्यात उतरणारे बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पुन्हा शोषले जाते. त्यामुळे चांगला साठा असलेल्या माणसाने आज मांसाहार, अंडी आणि दूध सोडले, तरी कमतरता दिसायला काही वर्षे लागतात. मात्र साठा मुळात भरलेला असेल तरच हे खरे ठरते. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या, दूध चहापुरते आणि ताक पाहुण्यांपुरते वापरणाऱ्या कुटुंबात मुलगी कमी साठ्यावर वाढते, कमी साठ्यावरच गरोदर राहते आणि बाळालाही तोकडा साठा देते. अशा आईच्या केवळ अंगावरच्या दुधावर वाढणारे बाळ सहा महिन्यांनंतर सुस्त होणे, मान धरायचे विसरणे, हातपाय थरथरणे, अशी लक्षणे दाखवू शकते. हे लवकर ओळखले तर उपचार सोपा आहे आणि उशीर झाला तर मेंदूच्या वाढीचे नुकसान भरून येईलच असे नाही. गरोदरपणी हिमोग्लोबिनसोबत बी-१२कडेही पाहिले जावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरे कारण शोषणाचे आहे. बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरातील आम्ल आणि जठराच्याच पेशींत तयार होणारे एक प्रथिन या दोन्हींची गरज असते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे, आम्लपित्तासाठी रोज सकाळी गोळी घेणारे आणि साठी ओलांडलेले लोक यांच्यात ही वाट अरुंद होते. एका वेळी या प्रथिनाच्या मदतीने दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जाऊ शकतात. त्यापलीकडे जे काही घ्याल त्यातले साधारण १ टक्काच आपोआप झिरपते. १००० मायक्रोग्रॅमची गोळी पाहून दचकण्याचे कारण नाही, कारण त्यातून आत जाणारे बी-१२ दहा-बारा मायक्रोग्रॅमच्या घरातले असते. इडली, आंबील किंवा हिरव्या पालेभाज्यांतून बी-१२ भरून निघते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. शाकाहारी माणसासाठी दूध, दही, ताक आणि गरज पडल्यास गोळी हेच भरवशाचे मार्ग आहेत.

गोळ्या घेतल्यावर लघवी गडद पिवळी होते. सगळे वाया जाते का?

तो रंग बी-२, म्हणजे रायबोफ्लेविनचा असतो. गरजेपेक्षा जास्त झालेले मूत्रपिंड बाहेर टाकते, एवढाच त्याचा अर्थ; बाकीची द्रव्ये शोषली गेली की नाही, हे त्यावरून कळत नाही आणि काळजीचेही कारण नाही.

लोह शरीराबाहेर टाकता येत नाही, हे कसे?

लोहाचा हिशेब या सर्वांत निराळा आहे. प्रौढ शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातले सुमारे दोन-तृतीयांश रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये कामाला लागलेले असते आणि उरलेल्यातला मोठा भाग यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा येथे फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या रूपात राखीव असतो. तांबड्या पेशीचे आयुष्य १२० दिवसांचे. म्हाताऱ्या पेशी प्लीहेतील भक्षक पेशी गिळतात, त्यातले लोह सोडवतात आणि ट्रान्सफेरिन नावाच्या वाहकाच्या हवाली करतात. नवे रक्त तयार करण्यासाठी रोज लागणारे २० ते २५ मिलिग्रॅम लोह जवळजवळ सगळे या जुन्या लोहातूनच मिळते. आहारातून रोज १ ते २ मिलिग्रॅमच शोषले जाते आणि तेवढेच आतड्याच्या व त्वचेच्या झडणाऱ्या पेशींसोबत निघून जाते.

जास्तीचे लोह मूत्रातून किंवा पित्तातून काढून टाकण्याची सोय शरीरात नाही. नियंत्रण आहे ते आत येण्याच्या दारावर. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक साठा भरला की वाढते आणि आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. हा शोध अलीकडचा, साधारण २००० सालानंतरचा आहे. अंगात ताप, जंतुसंसर्ग किंवा जुनाट दाह असला तरी हेप्सिडिन वाढते. मग साठ्यात लोह असूनही ते रक्तात उतरत नाही आणि गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही. लोहाची मोठी मात्रा घेतल्यावरही हे संप्रेरक सुमारे एक दिवस वाढलेले राहते, म्हणून काही डॉक्टर गोळी एक दिवसाआड देतात. गरोदरपणीचे वेळापत्रक मात्र आपल्या मनाने बदलू नये.

लोह खऱ्या अर्थाने जाते ते रक्तासोबत. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. मासिक पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त गेले, तर १५ ते २० मिलिग्रॅम लोह जाते. अंगावरून जास्त जात असेल, तर ते याच्या दुपटीवर पोहोचते आणि जेवणातून ते भरून निघणे कठीण होते. ३५० मिलिलिटर रक्तदान केल्यास दीडशे मिलिग्रॅमहून अधिक लोह दिले जाते, म्हणून दोन रक्तदानांमध्ये ठरलेले अंतर पाळावे लागते. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांच्या आतड्यात अंकुशकृमी शिरले, तर ते रोज थोडे थोडे रक्त पितात. चाळिशीपुढच्या पुरुषाचे लोह कमी आढळले, तर केवळ टॉनिक देऊन थांबू नये. मूळव्याध, जठरातील व्रण किंवा आतड्यातील गाठ यांपैकी कुठून रक्त जात आहे, ते शोधले पाहिजे.

हिमोग्लोबिन ठीक आहे, तरी डॉक्टर लोह कमी आहे म्हणतात. असे कसे?

एक अहवाल डोळ्यांसमोर आणा : तिशीतील स्त्री, हिमोग्लोबिन १२.१, खाली ‘सामान्य’ असा शेरा. दुसऱ्या पानावर फेरिटिन ९. तिला जिना चढताना धाप लागते, केस गळतात, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. पहिल्या पानावर विसंबून घरचे तिला ‘तुला काही झालेले नाही’ असे सांगतात. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद किती उरली आहे, हे बाजारात येणाऱ्या पोत्यांवरून कळत नाही. पेव तळाला गेले तरी काही दिवस माल येतच राहतो. हिमोग्लोबिन हा बाजारातला माल आहे आणि फेरिटिन ही पेवाची खबर. शरीर आधी साठा उपसते, मग वाहकावरचे लोह घटते आणि सर्वांत शेवटी हिमोग्लोबिन उतरते. फेरिटिन १५च्या खाली असेल, तर साठा संपला असे समजतात. ताप किंवा दाह असताना फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते, हेही लक्षात ठेवावे. उपचाराने हिमोग्लोबिन पूर्वपदावर आल्यावरही पुढे दोन-तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात, त्या या रिकाम्या साठ्यासाठी असतात. बरे वाटले म्हणून त्या मध्येच सोडणे ही फार सर्रास दिसणारी चूक आहे.

गूळ-शेंगदाणे खाऊन लोह भरून निघते का?

कराड-सांगली भागात गुऱ्हाळे घरापाशीच, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. गुळातील लोहाचे प्रमाण काहिलीनुसार आणि पद्धतीनुसार बदलते. शंभर ग्रॅम गुळात १० मिलिग्रॅम लोह आहे असे उदारपणे धरले, तरी २० ग्रॅमच्या खड्यात २ मिलिग्रॅम येते आणि शाकाहारी आहारातील लोहापैकी साधारण ५ ते १० टक्केच शोषले जाते. हाती पडते ते ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम. खाऊ म्हणून गूळ-शेंगदाणे उत्तमच आहेत, पण रिकामा साठा त्यांनी भरणार नाही.

शोषण वाढवण्याचे मार्ग स्वयंपाकघरात आहेत. ज्वारी, बाजरी, हुलगे, मटकी यांच्या सालीत फायटेट असते आणि ते लोह व जस्त दोघांनाही धरून ठेवते. मटकीला मोड आणल्याने, पीठ आंबवल्याने फायटेट घटते. उसळीवर लिंबू पिळणे, जेवणात आवळा किंवा पेरू असणे याने लोहाचे शोषण स्पष्ट वाढते. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा नेमके उलट काम करतो. तो निदान तासाभराने घ्यावा.

ज्वारीची भाकरी खाल्ल्याने जीवनसत्त्वाची कमतरता होते, असे वाचले. खरे काय?

दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरीब कुटुंबांत पूर्वी पेलाग्रा हा नायसिनच्या, म्हणजे बी-३च्या कमतरतेचा विकार आढळत असे : उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळे, खरखरीत चट्टे, जुलाब आणि बुद्धिभ्रम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६०च्या सुमारास ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी त्याचा संबंध जोडला. या मतावर पुढे वाद झाले. निर्विवाद गोष्ट अशी, की शरीर ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून स्वतः नायसिन तयार करते, पण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमधून फक्त १ मिलिग्रॅम. ज्या ताटात भाकरीशिवाय काहीच नाही, तिथे हा पुरवठा तुटतो. माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडच्या घरात भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचे माडगे आणि वाटीभर ताक असेल, तर काळजी नको. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते. भाकरी सोडण्याचे काहीच कारण नाही.

जस्ताचा साठा असतो का?

शरीरात २ ते ३ ग्रॅम जस्त असले, तरी त्यातले बहुतेक स्नायू आणि हाडांत बांधलेले असते आणि गरजेला मोकळे होत नाही. राखीव कोठार असे नाहीच, त्यामुळे ते रोज मिळावे लागते. जस्त मुख्यतः स्वादुपिंड व आतड्याच्या स्रावांतून मलावाटे जाते. जुलाब झालेल्या मुलाचे ते झपाट्याने घटते, आतड्याचे अस्तर लवकर भरून येत नाही आणि पुन्हा जुलाब होतात. म्हणून ओआरएससोबत १४ दिवस जस्ताची गोळी देतात : सहा महिन्यांपर्यंत १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करावेत.

तांब्याच्या भांड्यातील पाणी प्यावे का?

निरोगी प्रौढाने रात्रभर तांब्यात ठेवलेले साधे पाणी पिण्यात सहसा धोका नसतो. शरीरात एकूण तांबे सुमारे १०० मिलिग्रॅमच असते, ते यकृतात गोळा होते, सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात गुंफून रक्तात सोडले जाते आणि जास्तीचे पित्तावाटे बाहेर जाते. ही पित्ताची वाट जन्मतः बंद असेल तर विल्सनचा आजार होतो. अशा रुग्णाने तांब्याचे पाणी अजिबात घेऊ नये.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव विसरता कामा नये. नवजात बाळाच्या यकृतात तांबे आधीच भरपूर असते आणि पित्तावाटे ते काढण्याची क्षमता अजून कच्ची असते. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेले व ठेवलेले वरचे दूध पाजलेल्या बाळांमध्ये यकृत कठीण होऊन दगावण्याचा एक आजार होता. पुण्यातील बालरोगतज्ज्ञांनी १९८०च्या दशकात ब्रिटिश सहकाऱ्यांसह या भांड्यांचा आणि आजाराचा संबंध दाखवला. भांडी बदलली, तसा तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आज जुनी पितळी पातेली पुन्हा माळ्यावरून खाली येत आहेत, म्हणून आवर्जून सांगावेसे वाटते : आत कल्हई नसेल, तर त्यात दूध, ताक, आमटी, लिंबूपाणी काहीही ठेवू नये.

मिठातील आयोडीन कुठे जाते?

शरीरातील आयोडीनपैकी ७० ते ८० टक्के गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत असते. ही ग्रंथी दोन-तीन महिने पुरेल एवढे तयार संप्रेरक साठवून ठेवते. उरलेले आयोडीन ९० टक्क्यांहून अधिक मूत्रावाटे निघून जाते. घरापर्यंत पोहोचणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. चुलीशेजारी उघड्या वाडग्यात ठेवलेल्या, ओल लागलेल्या मिठातून ते उडून जाते. मीठ झाकणाच्या बरणीत ठेवावे. सैंधव आणि साधे खडेमीठ यांत सहसा आयोडीन घातलेले नसते. ‘नैसर्गिक’ म्हणून केवळ तेच वापरणाऱ्या घरातील गरोदर स्त्रीने विशेष लक्ष द्यावे.

स्वयंपाकात किती जीवनसत्त्वे जातात?

तांदुळजा बारीक चिरून मग धुतला, भरपूर पाण्यात उकडला आणि मुठीत दाबून पिळला, की मोरीत जे हिरवट पाणी जाते त्यातून ‘क’ आणि फॉलिक ॲसिडचा मोठा वाटा जातो. भाजी धुऊन मग चिरावी, उकडलेले पाणी आमटीत घालावे. लोह, जस्त ही खनिजे उष्णतेने नष्ट होत नाहीत, पण टाकलेल्या पाण्यासोबत काही प्रमाणात जातात. गाजराच्या कोशिंबिरीला तेलाची फोडणी देण्यात शास्त्र आहे, कारण त्यातील कॅरोटीन (ज्यापासून शरीर ‘अ’ बनवते) शोषायला स्निग्धता लागते.

उन्हात घाम गाळणाऱ्यांना वेगळ्या खनिजांची गरज असते का?

घामातून मुख्यतः पाणी आणि मीठ जाते. लोह व जस्त जाते, पण थोडेच. ताक, लिंबू-सरबत आणि पुरेसे जेवण यावर भागते.

एवढे ऊन असताना ‘ड’ कमी का, आणि ‘ड’ची साठ हजार युनिटची पुडी किती घ्यावी?

त्वचेतील कोलेस्टेरॉलसारख्या एका द्रव्यावर उन्हातील अतिनील किरण पडले, की ‘ड’ तयार होते. मग यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात त्याचे क्रियाशील रूप बनते. हे किरण काचेतून येत नाहीत. रस्त्याच्या धुळीसाठी तोंडाला बांधलेला स्कार्फ, पूर्ण बाह्यांचा सदरा, सकाळी सातला घर सोडून संध्याकाळी परतणे, यांमुळे त्वचेला ऊन लागतच नाही. तपासणीत मोजले जाणारे यकृतातील रूप रक्तात दोन-तीन आठवड्यांत निम्मे होते, तर चरबीत मुरलेले अनेक महिने हळूहळू सुटत राहते.

पुडीचा धोका याच मुरण्यात आहे. उन्हाने ‘ड’चा अतिरेक होत नाही, कारण जास्तीचे त्वचेतच निष्क्रिय होते, पुडीला असा अटकाव नाही. आठवड्यातून एक, अशी ठरावीक आठवड्यांसाठी लिहून दिलेली पुडी रोज घेतल्याने किंवा वर्षभर चालू ठेवल्याने रक्तातील कॅल्शियम वाढते. तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे असतात आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पुडी बंद केल्यावरही साठ्यामुळे हा त्रास बरेच आठवडे चालतो. ‘अ’ जीवनसत्त्वाचेही तसेच : गरोदर स्त्रीने त्याच्या मोठ्या मात्रा घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. गाजर-भोपळ्यातून मिळणाऱ्या कॅरोटीनने हा धोका नसतो, कारण शरीर गरजेपुरतेच त्याचे ‘अ’मध्ये रूपांतर करते.

एकाच वेळी लोह, कॅल्शियम आणि जस्त घेतले तर चालते का?

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र घेऊ नयेत. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. जस्ताच्या मोठ्या मात्रा महिनोन्‌महिने घेतल्यास आतड्याच्या पेशींत तांबे अडकून राहते आणि पेशी झडल्या की त्यांच्यासोबत बाहेर जाते. मग तांब्याच्या कमतरतेने रक्तक्षय आणि पायांत बधिरपणा येतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असलेल्यांनी पालेभाजी बंद करू नये, पण तिचे प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे ठेवावे, कारण तीतले ‘के’ या औषधाच्या विरुद्ध काम करते. मूत्रपिंडाच्या रुग्णांत ‘अ’ साठत जाते आणि डायलिसिसमध्ये बी व ‘क’ धुऊन जातात; त्यांनी दुकानातील सर्वसाधारण मल्टिव्हिटॅमिन परस्पर घेऊ नये. डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सर्व गोळ्या, पुड्या, टॉनिकच्या बाटल्या आणि काढ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून सोबत न्यावीत.